कोंडीत सापडलेल्या शत्रूला वाट देणारा सेनापती

मागच्या अंकात रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या घराण्याच्या पदरी महा थिहा थुरा नावाचा एक सेनापती होता, त्याने चिनी बादशहाची फौज वेढ्यात पकडली, मग तिला जाऊ दिलं आणि त्याबद्दल त्याच्या राजाने त्याला बायकांचं वस्त्र पाठवलं. मूळ प्रश्न राजवाड्याच्या लाकूडकामाबद्दल होता, पण पत्रं आली ती सगळी या वाक्यावर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्या माणसाला देते आहे. कॉलेजात इतिहास शिकवत असताना अभ्यासक्रमात त्याला कधी जागा मिळाली नाही, ती इथे मिळतेय याचा मला मनापासून आनंद आहे.

रत्नागिरीहून एक वाचक विचारतात : आम्ही राजवाड्याच्या मागेच राहतो. थिबा म्हणजे इंग्रजांनी आणून कोंडून ठेवलेला बिचारा राजा, एवढंच लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या घराण्याने चीनला हरवलं होतं हे खरं का? आणि हा सेनापती नेमका कोण?

खरं आहे, आणि एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा. १७६५ ते १७६९ या काळात चीनच्या छिंग बादशहाने, म्हणजे चिएनलुंगने, ब्रह्मदेशावर चार स्वाऱ्या केल्या. चारही फसल्या. शेवटच्या दोन फसण्यात महा थिहा थुराचा वाटा सर्वात मोठा होता.

सुरुवात थिबाच्या मूळपुरुषापासून करायला हवी. १७५२ साली दक्षिणेतल्या मोन राज्याने उत्तरेची राजधानी आवा जिंकून घेतली आणि जुनं राजघराणं संपलं. मू नदीच्या खोऱ्यात मोक्सोबो नावाचं गाव होतं. तिथल्या गावप्रमुखाने, आपल्याकडचा पाटील म्हणा, नव्या धन्यापुढे मान झुकवायला नकार दिला. आजूबाजूची ४६ गावं त्याने एकत्र केली, गावाला तटबंदी घातली आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. तो अलौंगपाया. पुढच्या पाच वर्षांत त्याने आवा परत घेतलं, १७५५ मध्ये डगॉन जिंकून त्याचं नाव यांगॉन ठेवलं आणि १७५७ मध्ये मोनांची राजधानी पेगू पाडली. महा थिहा थुरा या मोहिमांमध्ये तयार झालेला माणूस. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, राजाने दिलेला किताब आहे. शेतावरून उठून तलवार धरलेल्या लोकांची ती पिढी होती. लढाई हा त्यांचा घरंदाज पेशा नव्हता, तर गाव वाचवायचं म्हणून शिकलेलं काम होतं. त्याचा पुढचा एक मोठा निर्णय मला समजतो तो या पार्श्वभूमीमुळेच.

अलौंगपाया १७६० मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, स्वारीवरून परतताना वारला. त्याचा मुलगा सिनब्यूशिन १७६३ मध्ये गादीवर आला. बापाहून जास्त लढाऊ. त्याच्या फौजा सयामच्या अयुथ्याला वेढा घालून बसल्या असतानाच ईशान्येकडून चिनी आले. भांडणाचं मूळ सरहद्दीवरच्या शान संस्थानांत होतं. हे छोटे राजे दोन्हीकडे नजराणे पाठवून शांत राहत. नवं बर्मी घराणं त्यांच्यावर हक्क सांगू लागलं, तर काही जण पळून चीनच्या युनान प्रांतात आसऱ्याला गेले. त्यांच्या निमित्ताने युद्ध पेटलं. पहिल्या स्वारीत हरलेल्या युनानच्या सुभेदाराने आत्महत्या केली. दुसऱ्या स्वारीत हरलेल्याला बादशहाने ती करायला लावली.

तिसऱ्या वेळी, १७६७ च्या अखेरीस, बादशहाने मिंगरुईला पाठवलं. हा सम्राज्ञीचा भाचा, मध्य आशियात नाव कमावलेला मांचू सरदार. सोबत सुमारे ५० हजारांची फौज. मिंगरुई खरोखर चांगला सेनापती होता, हे बर्मी बाजूने लिहितानाही मान्य करायला हवं. गोटेकच्या दरीत वाट अडवून बसलेल्या बर्मी फौजेला त्याने उधळलं आणि तो आवाच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर येऊन ठेपला. राजधानीत घबराट उडाली. सिनब्यूशिन मात्र जागचा हलला नाही.

महा थिहा थुराचं कसब इथे दिसतं. त्याने मिंगरुईच्या समोर येऊन लढाई दिलीच नाही. वळसा घालून तो मिंगरुईच्या पाठीमागे, ज्या वाटेने चिनी रसद यायची त्या वाटेवर गेला आणि लाशियो व सेनवी ही ठाणी परत घेतली. मिंगरुईच्या मदतीला उत्तरेकडून दुसरी चिनी तुकडी यायची होती. ती इरावतीकाठच्या काउंगटोन किल्ल्यापाशी अडकली, कारण तिथला किल्लेदार बालामिंदिन हटायला तयार नव्हता. म्हणजे राजधानी हाकेच्या अंतरावर आणि पोटात अन्न नाही, अशी मिंगरुईची गत झाली. तो मागे वळला. तेवढ्यात सयामहून अनुभवी बर्मी पलटणी परत येऊन पोचल्या. १७६८ च्या मार्चमध्ये मेम्योजवळ महा थिहा थुराने त्याला चारी बाजूंनी घेरलं. बर्मी बखरी सांगतात की शेवटी रक्ताने मुठी इतक्या निसरड्या झाल्या की शिपायांच्या हातात तलवार ठरेना. अडीच हजारांच्या आसपास कैदी सोडले तर मुख्य फौजेतलं फारसं कोणी उरलं नाही. जखमी मिंगरुईने आपली वेणी कापून निष्ठेची खूण म्हणून बादशहाकडे पाठवली आणि झाडाला गळफास घेतला.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे थोरले माधवराव धोडपला राघोबादादांना कैद करत होते. कालगणना डोळ्यांपुढे राहावी म्हणून सांगितलं.

सातारा जिल्ह्यातून एक निवृत्त फौजी लिहितात : हातात आलेला शत्रू सोडणं हा गुन्हा आहे. वडगावला आपण इंग्रजांना सोडलं आणि ते उलटले. तुमच्या या सेनापतीने वेगळं काय केलं? राजा चिडला तर त्याचं काय चुकलं?

तुमच्या पत्रातला राग मला कळतो, आणि वडगावची आठवण अगदी जागेवर आहे. म्हणून या उत्तराला सर्वात जास्त जागा देते.

आधी घडलं काय ते सांगते. मेम्योनंतर बादशहाने चौथी फौज उभी केली, सुमारे ६० हजारांची. तिचा प्रमुख फूहेंग. हा सम्राज्ञीचा भाऊ, दरबारातला पहिला मंत्री आणि मेलेल्या मिंगरुईचा काका. मे-जूनपर्यंत थांबलो तर पावसात तापाने मरू आणि पावसाळा संपायची वाट पाहिली तर बर्मी तयार होतील, अशा कात्रीत सापडलेल्या फूहेंगने पावसाळा उलटायच्या आतच कूच केलं. सोबत सुतार घेतले, डोंगरात लाकूड तोडलं, भामोजवळ नावा बांधल्या आणि नदीतून खाली उतरायचा बेत केला. ऑक्टोबर १७६९ पासून काउंगटोनवर आठवड्यामागून आठवडे हल्ले चढले. बालामिंदिन पुन्हा एकदा ठाम राहिला. तोवर महा थिहा थुरा, आता सगळ्या फौजेचा मुख्य, नदीतून आणि दोन्ही काठांनी वर आला. श्वेन्याउंगबिन इथे चिन्यांनी बांधलेला लाकडी कोट त्याच्या लोकांनी जाळला. आता चिनी फौज किल्ला आणि वेढा यांच्या मधोमध सापडली. मलेरियाने माणसं पटापट मरत होती. फूहेंगचा एक सहसेनापती गेलेला, फूहेंग स्वतः तापाने फणफणलेला. (पुढच्या वर्षी तोही वारला.) न्यायाने बोलायचं तर या विजयात जंगलाच्या तापाचा हात बर्मी तलवारीइतकाच होता.

चिन्यांनी तहाचा निरोप पाठवला. बर्मी सरदारांची सभा बसली आणि सगळ्यांचं मत तुमच्यासारखंच पडलं. हे कोंडवाड्यातल्या गुरांसारखे अडकलेत, उपाशी आहेत, थोडे दिवस थांबा, एकही परत जाणार नाही. महा थिहा थुराने जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा की ही फौज मारली तर दुसरी येईल, ती मारली तर तिसरी येईल. देशाला आयुष्यभर चिन्यांना परतवण्यापलीकडे दुसरी कामं आहेत. कत्तल थांबवू या, त्यांची माणसं आणि आपली माणसं सुखाने राहू द्या. तरीही सरदार कुरकुरत राहिले, तेव्हा राजाच्या रागाची जबाबदारी आपण घेतो असं तो म्हणाला. राजाला विचारायला त्याने माणूस पाठवला नाही. उत्तर काय येईल हे त्याला ठाऊक होतं.

आता माझं म्हणणं. ‘शत्रू संपवला की प्रश्न संपतो’ हा विचार त्या सभेतल्या इतरांसाठी कल्पना होती. महा थिहा थुराने तो प्रयोग करून पाहिला होता! पावणेदोन वर्षांपूर्वी मेम्योला त्याने स्वतःच्या हाताने एक अख्खी फौज संपवली होती. त्याचं फळ काय मिळालं? जास्त मोठी फौज. मिंगरुई मेला म्हणून त्याचा काका आला. आता काकालाही मारलं असतं, तर बायकोच्या माहेरची दोन माणसं ब्रह्मदेशात गमावलेल्या बादशहाला, इच्छा असती तरी, थांबता आलं नसतं. चीनसारख्या देशाला ६० हजार माणसं पुन्हा उभी करणं जमणारं होतं. मू खोऱ्यातल्या गावांना ते जमणारं नव्हतं. शेतातून उठून लढाईला गेलेल्या माणसालाच हा हिशेब नीट कळतो.

आणि वडगाव. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांना वेढलं, साष्टीसकट घेतलेला मुलूख परत करण्याचं आणि राघोबांना हवाली करण्याचं कबूल करून घेतलं, सोडलं, आणि मुंबईला पोचताच इंग्रजांनी तह झिडकारला. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. वडगावचा तह होत असतानाच बंगालहून निघालेली इंग्रजांची दुसरी फौज वाटेवर होती. म्हणजे ज्यांना सोडलं तेवढेच शत्रूकडे नव्हते. दुसरं म्हणजे, वडगावच्या तहाने इंग्रजांना इतकं खाली बघायला लावलं की तो पाळणं त्यांना नामुष्कीचं वाटलं. काउंगटोनचा तह उलट्या पद्धतीने बांधला होता. डिसेंबर १७६९ मध्ये त्यासाठी मुद्दाम उभारलेल्या मंडपात बर्मी बाजूचे १४ आणि चिनी बाजूचे १३ अधिकारी बसले. ना राजाची मोहोर, ना बादशहाची. कैदी सोडायचे, पळालेले संस्थानिक परत करायचे, व्यापार सुरू करायचा, दर दहा वर्षांनी एकमेकांकडे मैत्रीची पत्रं पाठवायची. चिन्यांनी आपल्या नावा जाळल्या, तोफा वितळवल्या आणि निघाले. पेकिंगला सांगितलं गेलं की ब्रह्मदेश नजराणा द्यायला तयार झालाय. आवाच्या बाजूने अशी काही कबुली नव्हती. प्रत्येकाने आपल्या धन्याला पटेल ते सांगितलं. चिएनलुंगने तर पुढे आपल्या दहा थोर मोहिमांच्या यादीत हीसुद्धा मोजली. मोजू द्या. त्याला विजय म्हणायला वाव राहिला म्हणूनच पाचवी फौज निघाली नाही.

तह अक्षरशः पाळला गेला असं मी म्हणणार नाही. कैद्यांवरून आणि संस्थानिकांवरून रुसवे झाले, बादशहाने युनानच्या सरहद्दीवर वर्षानुवर्षं सैन्य बसवून ठेवलं, सीमेवरचा व्यापार जवळपास दोन दशकं बंद राहिला. तुटलेले संबंध जुळायला १७८८ उजाडलं. पण छिंग सैन्य पुन्हा ब्रह्मदेशात घुसलं नाही. सेनापतीच्या निर्णयाला हीच कसोटी लावायला हवी असं मला वाटतं, आणि या कसोटीवर तो उतरतो. परत जाणाऱ्यांना सुखाची वाट मिळाली असंही नाही. ताइपिंग नदीच्या खोऱ्यातून चढताना हजारो भुकेनेच मेले.

राजा चिडला, हे तर खरंच. त्याने तहाचा कागद फाडून टाकला. सरदारांची राजधानीत परतायची छाती होईना. ते तसेच मणिपूरवर गेले, तिथलं बंड मोडलं, आणि राजा जयसिंह आसामच्या बाजूला निघून गेला. (रासलीला नृत्याचा जनक म्हणून आपण ज्या भाग्यचंद्रांना ओळखतो तेच हे.) एवढा नवा विजय घेऊन आले तेव्हा राजाचा पारा थोडा उतरला होता, पण भेट नाही ती नाहीच. आपल्याकडे भित्र्याला बांगड्या पाठवायची रीत होती, तसं त्याने महा थिहा थुराला बायकांचं वस्त्र पाठवलं आणि शान मुलखात हद्दपार केलं. त्याच्या बाजूने बोललेल्या मंत्र्यांनाही घालवून दिलं. या सेनापतीची मुलगी युवराजाला दिलेली होती, म्हणजे अपमान व्याह्याने व्याह्याचा केला. राजाचं काय चुकलं, असं तुम्ही विचारता. त्याला न विचारता तह झाला, एवढ्यापुरता त्याचा राग रास्त होता. वस्त्र पाठवण्याबद्दल मात्र, स्त्री म्हणून आणि इतिहासाची शिक्षिका म्हणून, मला त्याची बाजू घ्यावीशी वाटत नाही.

नागपूरहून एक वाचक : महादजींकडे जसा फ्रेंच द बॉयन, तसे ब्रह्मदेशाच्या फौजेत युरोपीय होते का?

होते, आणि द बॉयनच्या आधीपासून. पिएर द मिलार हा फ्रेंच माणूस मोनांच्या मदतीला आलेल्या जहाजावरून आला आणि १७५६ मध्ये सिरियम बंदर पडलं तेव्हा अलौंगपायाच्या हाती लागला. त्याला न मारता तोफखान्यावर नेमलं. चौथ्या चिनी स्वारीतही तो आपले बंदूकवाले आणि गोलंदाज घेऊन लढला. १७७८ मध्ये तिथेच वारला. त्याच्यासोबतच्या लोकांना मू खोऱ्यात जमिनी मिळाल्या आणि ते तिथलेच झाले.

पुण्याहून एक विद्यार्थिनी : लोकमान्यांना ठेवलं त्या मंडालेपासून ही मेम्योची रणभूमी किती लांब? जाऊन पाहता येते का?

मंडालेहून मेम्यो, आताचं प्यिन ऊ ल्विन, ६५-७० किलोमीटर. मात्र या लढायांच्या वेळी मंडाले शहर नव्हतंच, ते १८५७ मध्ये वसलं. मेम्यो हे नावही पुढे इंग्रजांनी एका कर्नलवरून ठेवलं. हिल स्टेशन म्हणून त्यांनी ते इतकं बदलून टाकलं की रणांगणाची खूण शोधू नका. मी गेले होते तेव्हा स्टेशनवर बायका टोपल्यांतून स्ट्रॉबेऱ्या विकत होत्या, रस्त्यावर घोड्यांच्या बग्ग्या होत्या.

पण लाशियोकडे जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा १७६८ समजलं. काही तासांनी गोटेकचा लोखंडी पूल आला, शंभर मीटर उंचीचा, इंग्रजांच्या काळातला. गाडी माणसाच्या चालीने सरकत होती, डबा कुरकुरत होता आणि पायाखाली झाडीने भरलेली दरी उघडी पडली. समोरच्या कड्यावर चुनखडीचा पांढरा दगड, मधूनच झुडपं, उतरायला वाट दिसत नाही. पूल नसताना ही दरी उतरून पलीकडे चढायची, वर बर्मी बंदुका बसलेल्या. मिंगरुईने हे जाताना करून दाखवलं. परतीच्या प्रवासात त्याच्या उपाशी माणसांना, पाठीवर शत्रू घेऊन, याच डोंगरांतून घर गाठायचं होतं. नकाशात लाशियो ते आवा हे बोटभर अंतर आहे. महा थिहा थुराने आवा सोडून लाशियो का धरलं, ते मला त्या खिडकीत बसून उमगलं. दुष्मनाची वाट एवढी अवघड असताना त्याच्या तोंडाशी लढायची गरजच काय!

नाशिकहून एक वाचक : हद्दपारीनंतर त्याचं काय झालं? त्या काळच्या राजांनी एकदा दूर केलेला माणूस सहसा परत येत नाही.

हा आला. राजाला त्याची गरज पडली. चीनशी लढायला सयाममधून फौजा काढल्या, त्या रिकाम्या जागेत तिथला सरदार ताकसिन उभा राहिला आणि १७६७ मध्ये जिंकलेलं अयुथ्याचं राज्य हातचं गेलं. चीनवरच्या विजयाची ही किंमत, आणि ती लहान नव्हती. १७७५ मध्ये आजारी सिनब्यूशिनने सयाम परत जिंकायला महा थिहा थुरालाच पाठवलं. या मोहिमेत त्याचं स्वतःच्या दुय्यम सरदारांशी बिनसलं. एक जण तर आपली माणसं घेऊन मार्तबानला परत निघून गेला. तरी त्याने सुखोथाय आणि फित्सानुलोक घेतलं.

फित्सानुलोकची एक गोष्ट थाई बखरींत आहे. शहर लढवणाऱ्या चाओफ्राया चक्रीची हुशारी पाहून हा म्हातारा सेनापती इतका खूश झाला की त्याने लढाई थांबवून भेट मागितली. समोर आलेल्या तरुणाला वय विचारलं, आपलं ७२ सांगितलं, आणि जप, तू पुढे राजा होशील, असं म्हणाला. १७८२ मध्ये चक्री खरोखर राजा झाला, राम पहिला. बँकॉकच्या गादीवर आजही त्याचंच घराणं आहे. भाकीत मागाहून जोडलेलं असणार हे उघड आहे. पण आपल्या मूळपुरुषाची थोरवी वदवून घ्यायला थाई बखरकारांना शत्रूकडचा हाच माणूस सापडला, याला माझ्या लेखी मोल आहे. थायलंडमध्ये शाळकरी मुलांनाही तो ‘अझेवुंकी’ म्हणून माहीत आहे.

जून १७७६ मध्ये सिनब्यूशिन वारला आणि महा थिहा थुराने मोहीम आवरून फौज मागे घेतली. जावई सिंगूच्या राज्यारोहणाला त्याने पाठबळ दिलं. सिंगूने पहिलं मोठं काम केलं ते सयामची लढाई थांबवण्याचं. १७५२ पासून ज्या गावांनी दर हंगामाला माणसं दिली होती, त्यांचे शिपाई शेतीला परत गेले.